रानांतला चीड आणि कुंडींतला चीड

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वैशाखाच्या अखेरीस आमच्या शेजारचें एक तरुण जोडपें सिमल्याकडची सफर करून परत आलें. येतांना त्यांनीं आळींतल्या सर्वांसाठीं कांहींना कांहीं आणलें होतें. कोणाला शाल, कोणाला सुके जर्दाळू. सूनबाईंनीं माझ्या हातांत मात्र ओल्या फडक्यांत गुंडाळलेलें एक वीतभर उंचीचें रोप ठेविलें आणि म्हटलें, "गुरुजी, रस्त्याच्या कडेला दरडीवर उगवलें होतें. पाइन आहे. ह्याचें तुम्ही बोन्साय करून द्या, आम्ही दिवाणखान्यांत ठेवूं." वामनवृक्षांचा माझा नाद साऱ्या आळीला ठाऊक आहे, आमच्या घरच्या मंडळींना तर तो जरा अधिकच ठाऊक आहे, कारण गच्चीवर पापड वाळत घालावयास जागा उरलेली नाहीं. मीं चष्मा पुसला, फडकें सोडलें, आणि पानांची मांडणी पाहिली. तो पाइन नव्हताच. देवदार होता.

अशीं रोपें रानांतून उपटूं नयेत, असें दोन शब्द त्यांना ऐकवावे असें मनांत आलें. पण मला तो अधिकार नव्हता. कां नव्हता, तें ओघांत येईलच. आधीं चीड म्हणजे काय, आणि तो ओळखावा कसा, हें सांगितलें पाहिजे. ओळख पटल्यावांचून योग्यायोग्यता ठरविणें म्हणजे उत्तरपत्रिका न वाचतां गुण देण्यासारखें आहे.

आपल्या महाराष्ट्रांत रानटी चीड एकही नाहीं. सह्याद्रीच्या कोणत्याही खोऱ्यांत तो आपण होऊन उगवत नाहीं. आणि आपला घोटाळा होतो तो येथूनच. कोंकणच्या किनाऱ्यावर सुरूचीं बनें आहेत, त्यांना चांगलीं शिकलेलीं माणसेंही पाइन म्हणतात. सुरूची ती लांब हिरवी काडी पान नव्हेच. ती एक बारीक फांदी आहे. दोन्ही हातांनीं धरून हलकेच ओढली तर ती पेराशीं सुटते, आणि पेराभोंवतीं दातऱ्यांसारखीं सूक्ष्म पानें कडें करून बसलेलीं दिसतात. लहानपणीं आम्ही ही काडी एका पेराशीं तोडून पुन्हां बेमालूम जोडीत असूं, आणि 'कोठें तुटली, ओळख पाहूं' असें सोबत्याला विचारीत असूं. त्या खेळांतच सुरूची सारी ओळख होती. बंगल्यांच्या फाटकाशीं मजल्यामजल्यांनीं वाढणारें आणि 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिरविणारें झाड असतें, तेंही चीड नव्हे. तें अरौकेरिया, त्याचें माहेर पॅसिफिक महासागरांतलें नॉरफोक बेट.

हिमालयांत गेलें म्हणजे घोटाळा निराळ्या प्रकारचा. तेथें सूचिपर्णी वृक्षांचा सारा गोतावळाच एका डोंगरावर नांदत असतो. देवदाराच्या जुन्या फांदीवर आंखूड गांठी असतात आणि प्रत्येक गांठीवर वीसतीस सुयांचा चक्राकार गुच्छ असतो. त्याचीं फळें, म्हणजे ज्यांना आपण शंकु म्हणतों तीं, फांदीवर ताठ उभीं राहतात व पिकल्यावर जागच्या जागींच विखरून जातात. फर आणि स्प्रूस ह्या दोघांचीं पानें एकेकटीं बसतात. फरचें पान चपटें आणि शंकु उभा. स्प्रूसचें पान चौकोनी आणि शंकु लोंबता. चिडाचें तसें नाहीं. त्याचीं पानें झुबक्यानें येतात, झुबक्याच्या बुडाशीं कागदासारखें पातळ आवरण असतें, आणि एका झुबक्यांत सुया किती हें जातीपरत्वें ठरलेलें असतें. बहुधा दोन, तीन किंवा पांच.

येथें एक गंमत सांगतों. एका झुबक्यांतल्या सर्व सुया एकमेकींस चिकटवून धरल्या तर त्यांची मिळून एक गोल कांडी होते. दोन सुयांच्या झुबक्यांत प्रत्येक सुई म्हणजे अर्धें वर्तुळ, तिहींच्या झुबक्यांत वर्तुळाचा तिसरा भाग, पांचांच्या झुबक्यांत पांचवा. म्हणून पांच सुयांच्या चिडाचीं पानें नेहमीं बारीक व नाजूक भासतात. अपूर्णांक शिकवितांना हें उदाहरण मला ठाऊक असतें तर भाकरीचे तुकडे करकरून मीं मुलांना भूक लावली नसती. मात्र एकच झुबका पाहून निकाल देऊं नये. झाडाच्या निरनिराळ्या बाजूंचे दहा झुबके मोजावे. एखादा चुकार निघतोच.

आतां प्रत्यक्ष भेट. कालका-सिमला ही अरुंद रुळांची आगगाडी १९०३ सालीं सुरू झाली. कालका समुद्रसपाटीपासून सुमारें ६५६ मीटर उंच, सिमला सुमारें २,०७५ मीटर. आणि मधलें अंतर ९६ किलोमीटर. खिडकीशीं बसल्याबसल्या ह्या प्रवासांत दोन चिडांची ओळख होते. खालच्या उतारांवर प्रथम भेटतो तो चीर. त्याच्या झुबक्यांत तीन सुया. त्याही वीत-सव्वावीत लांब, पोपटी रंगाच्या, वाऱ्यावर सळसळणाऱ्या. साल जाड, तांबूस तपकिरी, खोल भेगांनीं तुकड्यातुकड्यांत विभागलेली. खोडाला खाचा पाडून राळ काढतात ती ह्याचीच. आपल्या वाण्याच्या दुकानांतला गंधाबिरोजा आणि रंगाऱ्याचें टर्पेंटाइन त्या राळेंतून निघतें. संस्कृतांत ह्याला सरल म्हणतात. कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हत्तींनीं अंग घांसल्यामुळें सरल वृक्षांतून पाझरणाऱ्या चिकाचा सुगंध वर्णिला आहे, तो हाच. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्याला रॉक्सबर्गचें नांव दिलें आहे.

गाडी जसजशी वर चढते तसतसा चीर मागें राहतो आणि देवदारांच्या सोबतीनें कैल दिसूं लागतो. कैलाच्या झुबक्यांत पांच सुया. निळसर झांक असलेल्या, मऊ, खालीं झुकलेल्या. तरुणपणीं साल करडी व गुळगुळीत. शंकु लांबट, वीतभर किंवा त्याहून मोठा, फांदीच्या टोंकाशीं लोंबता, आणि त्यावर राळेचे थेंब. सुमारें अठराशें मीटरांपासून साडेतीन हजारांच्याही वर तो आढळतो. चीर आणि कैल शेजारीशेजारी उभे असले म्हणजे पानें न मोजतांही ओळखतां येतात. चीर पाहुण्यासारखा मोकळा ढाकळा. कैल जरा खिन्न.

तिसरा चिलगोजा. ह्याला भेटावयास सतलजच्या खोऱ्यानें आंत किन्नौरपर्यंत गेलें पाहिजे. चौदा वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुटींत मी कल्प्याला गेलों होतों. तेथल्या कोरड्या, दगडी उतारावर हीं झाडें उभीं होतीं. झुबक्यांत सुया तीनच, पण आंखूड, सहापासून दहा सेंटिमीटरांच्या, ताठ व गर्द हिरव्या. आणि साल! जुनी साल पातळ खपल्यांनीं गळून पडते आणि खालीं करड्या, हिरवट, रुपेरी ठिगळांची नक्षी उमटते. आमच्या आजीच्या गोधडीची मला आठवण झाली. ह्याच झाडाच्या बिया आपण चिलगोजे म्हणून खातों.

एका खडकाच्या भेगेंत मला एक रोप दिसलें. उंची वीतभर, पण बुंधा आंगठ्याएवढा, मधोमध वळलेला, खालच्या बाजूस एक फांदी अगदीं हवी तेथें. वामनवृक्षाचा नाद असलेल्या माणसाला तें रोप दिसणें म्हणजे काय, हें त्या नादांतल्यांनाच समजेल. मीं तंबूच्या खुंटीनें भेग उकरली. वरच्या वाटेनें गवताचा भारा घेऊन एक वृद्ध बाई चालली होती, ती थांबली. तिनें मला अडविलें नाहीं. "एवढें व्हायला ह्याला किती वर्षें लागलीं असतील?" इतकेंच तिनें विचारलें. मीं मास्तरी थाटांत "वीस तरी," असें उत्तर दिलें. ती मान हलवून निघून गेली. तो प्रश्न होता, असें मला त्या वेळीं वाटलें.

पुण्यास आल्यावर मीं मुळांवरची माती झटकली. मुळांना पांढरी, कापसासारखी बुरशी लागली होती. रोग असावा असें समजून मीं ती बादलींत बुडवून, दांत घांसण्याच्या ब्रशानें घांसून, स्वच्छ धुऊन काढली. आषाढांत सुयांवर राखेचा रंग चढला. गणपति येईपर्यंत रोप संपलें होतें. पुढें वाचनांत आलें तें असें: चिडाच्या मुळांवरचे ते पांढरे तंतू हा रोग नसून सोबती आहे. ती बुरशी जमिनींतलें पाणी व क्षार मुळांना पोंचविते आणि बदल्यांत झाडाकडून साखर घेते. त्या सोबतीवांचून चीड तग धरीत नाहीं. म्हणून चिडाचीं मुळें कधींही उघडीं पाडूं नयेत, धुऊं नयेत. कुंडी बदलतांना जुन्या मातीचा निदान निम्मा गोळा राहूं द्यावा. तें रोप न धुतां वांचलें असतें असेंही मी म्हणत नाहीं. किन्नौरच्या आंतल्या भागांत पावसाळा जेमतेम पोंचतो. चिलगोज्याला थंडी बर्फाची आणि उन्हाळा कोरडा हवा. आमच्या पुण्याचा श्रावणही त्याला अतिवृष्टीच. मग कोंकणाचें नांवच नको.

त्या बाईचा प्रश्न मला कळला तो त्याहूनही उशीरा. चिलगोज्याचे शंकु बी गळण्यापूर्वींच तोडतात, कारण त्या बियांवर तेथल्या गांवांची वर्षाची मोठी कमाई असते. जमिनीवर पडून रुजावयास बी उरतें थोडें, आणि जें रुजतें त्यावर शेळ्यामेंढ्यांचा डोळा. म्हणून जुनीं झाडें पुष्कळ आणि रोपें विरळा, अशी त्या रानाची स्थिति आहे. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें ही जात संकटाच्या उंबरठ्यावरची म्हणून नोंदली आहे. खडकाच्या भेगेंत, शेळीचें तोंड न पोंचेल अशा जागीं वीस वर्षें निभावलेलें जें एक रोप होतें, तें मीं काढलें. सूनबाईंना दोन शब्द ऐकविण्याचा अधिकार मला नव्हता तो ह्यामुळें.

चौथा खासी चीड. शिलाँगच्या टेकड्या ज्यानें झांकल्या आहेत तो हाच. सुया तीन, चिरापेक्षां बारीक व कांहींशा आंखूड. शंकु लहान, मुठींत मावेल एवढा. ब्रह्मदेशापासून थेट फिलिपाइन्सपर्यंत ह्याचा विस्तार आहे.

आतां योग्यायोग्यतेकडे वळूं. जपानी लोकांनीं ज्या चिडांवर ही कला वाढविली ते मुख्यतः तीन. काळा चीड समुद्रकांठचा, दोन ताठ सुयांचा, खडबडीत काळसर सालीचा. तांबडा चीड आंतल्या डोंगरांतला, दोन मऊ सुयांचा. पांढरा चीड उंचावरचा, पांच आंखूड सुयांचा. त्याचें जपानी नांव गोयोमात्सु, म्हणजे पांच पानांचा चीड. पाहा, नांवांतच मोजणी आली. ह्या पांढऱ्या चिडाचा एक वामनवृक्ष वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. १६२५ सालापासून तो कुंडींत वाढविला जात आहे. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा तो ठेवा. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हां हें झाड स्फोटापासून सुमारें तीन किलोमीटरांवर यामाकींच्या बागेंत भिंतीच्या आडोशाला होतें, म्हणून वांचलें. मासारु यामाकी ह्यांनीं १९७६ सालीं तें अमेरिकेला भेट दिलें. पण त्यानें काय पाहिलें होतें, हें तेथें समजलें २००१ सालीं, त्यांचे नातू झाड पाहावयास गेले तेव्हां. देणाऱ्यानें त्याचा गवगवा केला नव्हता.

ह्या तीन जाती कां निवडल्या गेल्या ह्याचा विचार केला म्हणजे आपल्या चिडांचीही परीक्षा करतां येते. झाड खालून वर पाहावें. बाजारांतलें गिऱ्हाईक वरून खालीं पाहतें आणि फसतें. आधीं बुंधा: जमिनीशीं मुळें चहूंकडे पसरलेलीं आहेत कीं एकाच बाजूस? मग खोड: खालीं जाड व वर निमुळतें होत गेलें आहे, कीं छडीसारखें सरळसोट? पहिली फांदी खालच्या तिसऱ्या भागांत आहे का? सालीला वय दिसतें का? आणि सर्वांत शेवटीं सुई. सुई आंखूड होऊं शकते, पण अमर्याद नव्हे. कुंडींत मुळें आंवळलीं, ऊन भरपूर दिलें, कोंब वाढत असतांना पाणी व खत हातचें राखून दिलें, म्हणजे ती निम्म्यावर येते. त्याहून जास्त अपेक्षा ठेवूं नये. आणखी एक कसोटी कागदावर दिसत नाहीं, ती कात्रीखालीं कळते. पानें नसलेल्या जुन्या लांकडावर पुन्हां फूट येते का? बहुतेक चिडांना ती येत नाहीं. फांदीवरची सगळी हिरवळ कापली कीं ती फांदी मेली.

ह्या कसोट्यांवर चिलगोजा पहिला येतो: आंखूड सुई, अपूर्व साल, सावकाश वाढ. पण तो आपल्या हवेंत जगत नाहीं, आणि रानांत त्याला रोपें परवडत नाहींत. तेव्हां त्याला तेथेंच जाऊन पाहावें. कैलाच्या सुया पांच, हें ऐकून जपानी पांढऱ्या चिडाची आशा वाटते. ती फोल आहे. त्याच्या सुया लांब व ढिल्या, दोन कांड्यांमधलें अंतर मोठें, आणि जुन्या लांकडावर फूट नाहीं. शिवाय हिंवाळ्याची खरी झोंप मिळाली नाहीं तर तो झुरतो. सिमल्याच्या रहिवाशानें तो करावा. पुणेकरानें करूं नये. खासी चीड मध्यम. महाबळेश्वराच्या बाजूला ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं प्रयोग करून पाहण्यासारखा.

राहिला चीर, आणि माझी भिस्त त्याच्यावरच आहे. चौघांत अधिक उन्हाळा सोसणारा हाच. डेहराडूनसारख्या पायथ्याच्या गांवींही तो सुखानें वाढतो. त्याला वय लवकर दिसतें, कारण साल लवकर फाटते. आणि त्याच्या अंगीं एक दुर्मिळ गुण आहे. कोवळेपणीं वणव्यांत होरपळलेलें चिराचें रोप पुष्कळदां बुंध्यांतून पुन्हां फुटतें. जो वणव्याला पुरून उरतो, तो माझ्या कात्रीला कां भिईल? दोष एकच: सुई लांब. म्हणून चिराचा वामनवृक्ष दोन-अडीच फुटांहून लहान करूं नये. लहान कुंडींतला चीर पाहिला कीं मला केरसुणी उलटी उभी केल्यासारखी वाटते.

कोणी म्हणेल, जपानांत डोंगरांतून झाडें आणण्याची परंपरा आहे. आहे, तिला यामादोरी म्हणतात. पण ते जाणते लोक योग्य ऋतु पाहून, मुळें एका वर्षीं अर्धीं व दुसऱ्या वर्षीं अर्धीं कापून, पुष्कळदां एका झाडासाठीं दोनदोन वर्षें घालवितात, आणि तरीही कित्येक झाडें सोडून देतात. आपण प्रवासी मंडळी मोटार थांबवून पांच मिनिटांत उपटतों. उतारावरच्या चिडाचें सोटमूळ खोल जातें. हातांत येतो तो शेंडा आणि तुटका दोर. शिवाय राखीव जंगलांतून परवानगीवांचून रोप आणणें हा १९२७ सालच्या वनकायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंही पुष्कळांना ठाऊक नसतें. मलाही नव्हतें.

चिराचें बी वनखात्याच्या किंवा विश्वासू रोपवाटिकांतून मिळतें. माघ-फाल्गुनांत पेरावें, थंडींत ठेवण्याची वगैरे खटपट लागत नाहीं. जाड वाळू, विटांचा चाळलेला चुरा आणि थोडें पानखत, एवढी माती पुरे. त्यांत एखाद्या निरोगी चिडाच्या कुंडींतली मूठभर माती अवश्य मिसळावी, म्हणजे ते पांढरे सोबती आपोआप येतात. दोन-तीन आठवड्यांत बी वर येतें. प्रथम छत्रीच्या काड्यांसारखीं बीजपत्रें, मग निळसर हिरवीं एकेकटीं पानें. येथें घाबरूं नये. तीन सुयांचे झुबके पुढें येतात. तोंपर्यंत माझी मोजणी लागू पडत नाहीं. रोप पहिल्या दिवसापासून उन्हांत असावें. दिवाणखाना ही चिडाची जागा नव्हे. पाहुणे येतील त्या दिवशीं तास दोन तास आंत आणावें आणि पुन्हां गच्चीवर न्यावें.

असा एक चीर माझ्या गच्चीवर अकरा वर्षें आहे. बुंधा मनगटाएवढा झाला आहे, साल फाटूं लागली आहे, आणि वीतभर असलेल्या सुया आतां सहा बोटांवर आल्या आहेत. अजून त्याला कोणी वामनवृक्ष म्हणणार नाहीं. मीही म्हणत नाहीं.

सूनबाईंचा देवदार मीं सावलींत ठेवून पाहिला. तो जेष्ठांतच गेला. त्या हळहळल्या, आणि मग मीं त्यांना कल्प्याची हकीकत सांगितली. यंदाच्या फाल्गुनांत आम्ही दोघांनीं मिळून चिराच्या बावीस बिया पेरल्या; पंधरा उगवल्या. त्यांतलीं दोन रोपें त्यांच्या गच्चीवर आहेत. परवां त्यांनीं वरूनच हांक मारून विचारलें, "गुरुजी, ह्याला तार केव्हां घालायची?"

मीं म्हटलें, "दोन पावसाळे जाऊं द्या."